टोकन कन्सोलवर दिसतं, रिमोट डेस्कटॉपवर गायब: यूएसबी पासथ्रूचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. सीए फर्मचं ऑफिस. एका छोट्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली), त्यावर विंडोज १० च्या दोन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, प्रत्येक भागीदाराची एक. दोघांची डिजिटल सिग्नेचरची टोकनं (पेनड्राइव्हसारखी छोटी यूएसबी उपकरणं) एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, आणि दोन्ही सर्व्हरच्या मागे कायमची खोचलेली. ऑफिसातल्या मुलांना आपापल्या जागेवरून रिमोट डेस्कटॉपने (नेटवर्कवरून व्हीएमचा पडदा उघडून) आत शिरून जीएसटी आणि एमसीएची (कंपनी व्यवहार मंत्रालयाची) कामं करता यावीत म्हणून ही टोकनं पासथ्रूने, म्हणजे सर्व्हरला खोचलेलं उपकरण थेट व्हीएमच्या हाती सोपवून, दिली आहेत.

तक्रारी तीन. तुम्ही स्वतः प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून (व्हीएमच्या मूळ पडद्यावर) बघता तेव्हा टोकन दिसतं, पण मुलं रिमोट डेस्कटॉपने आत आली की टोकनचं सॉफ्टवेअर 'टोकन सापडलं नाही' म्हणतं. कधीकधी भलत्याच भागीदाराचं सर्टिफिकेट उघडतं. आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की एखादं टोकन गायब होतं, काढून परत खोचल्यावर कधी येतं, कधी नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की वेगळं यूएसबी कार्ड विकत घेऊन ते अख्खं व्हीएमला देऊन टाकावं का.

कार्ड आत्ता घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं माझ्या मते तीन वेगळी आहेत, आणि त्यातल्या पहिल्या, सगळ्यात त्रासदायक तक्रारीचा पासथ्रूशी संबंधच नाही. पहिल्या दोन कारणांबद्दल मी जवळजवळ ठाम आहे. तिसऱ्याबद्दल नाही, कारण तुम्ही होस्टचा, म्हणजे सर्व्हरचा, लॉग (घडामोडींची नोंद) दिलेला नाही. तिथे मी संशयित सांगेन आणि कुणाला आधी पकडायचं ते सांगेन.

अशा कामात मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे उपकरण या क्षणी कुणाच्या ताब्यात आहे? यूएसबी उपकरणाला एका वेळी एकच धनी असतो. ऑफिसचा नेटवर्क प्रिंटर दहा जण वापरतात, तसं इथे होत नाही. पासथ्रू म्हणजे होस्टने आपला ताबा सोडून तो व्हीएमला देणं. या देण्याघेण्यात बरेच हात मध्ये येतात. आधी तार आणि वीज. मग होस्टचा कर्नल, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो उपकरणाला ओळखतो, पत्ता देतो आणि सवयीने त्याला आपला ड्रायव्हरही चिकटवतो. मग क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, जो कर्नलला बाजूला सारून उपकरण उघडतो. मग व्हीएममधला नकली यूएसबी कंट्रोलर आणि विंडोजचा ड्रायव्हर. आणि सगळ्यात शेवटी, ज्याचा विचार कुणी करत नाही तो हात: विंडोजच्या आत तुम्ही कुठल्या सेशनमध्ये, म्हणजे कुठल्या लॉगिनमध्ये, बसला आहात. उपकरण 'चालत नाही' म्हणजे यातल्या कुठल्या तरी दोन हातांच्या मध्ये ते अडकलं आहे. ती जागा सापडली की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. जागा न शोधता कार्ड, हब, केबल बदलत राहिलं की आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होते.

आता पहिली तक्रार. कन्सोलवर टोकन दिसतं याचा अर्थ तार, होस्ट, क्यूईएमयू, ड्रायव्हर हे सगळे हात नीट काम करत आहेत. अडलंय ते शेवटच्या हातात. विंडोजच्या दृष्टीने हे टोकन म्हणजे एक रीडर आणि त्यात बसवलेलं स्मार्ट कार्ड. विंडोजमध्ये स्मार्ट कार्डचा सगळा व्यवहार एका ठरावीक व्यवस्थेतून जातो, आणि ही व्यवस्था तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत आलात की मुद्दाम वेगळं वागते. रिमोट सेशनमधल्या प्रोग्रामने 'कार्ड कुठे आहे?' विचारलं की विंडोज तो प्रश्न व्हीएमला लावलेल्या रीडरकडे नेत नाही. तो ज्या पीसीवरून तुम्ही जोडला आहात, त्या पीसीकडे पाठवला जातो. यामागचा विचार असा की कार्ड माणसाच्या हातात असतं आणि माणूस आपल्या पीसीपाशी बसलेला असतो, म्हणून कार्डही तिथेच शोधायला हवं. तुमच्या मुलाच्या पीसीला टोकन लावलेलंच नाही. त्यामुळे उत्तर येतं, 'टोकन सापडलं नाही', आणि विंडोजच्या दृष्टीने ते खरं आहे.

यात फसगत कुठे होते ते सांगतो. त्याच रिमोट सेशनमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर स्मार्ट कार्ड रीडर व्यवस्थित दिसतो, पिवळं चिन्हही नसतं. मग माणूस ड्रायव्हर काढतो, परत टाकतो, टोकनचं सॉफ्टवेअर तीनदा इन्स्टॉल करतो. मीही पहिल्या खेपेला अख्खा शनिवार त्यात घालवला होता. डिव्हाइस मॅनेजर दाखवतं ते यंत्राला काय जोडलंय ते. सेशनला काय पोहोचतंय ते त्यात दिसत नाही.

खात्री करून घ्यायला कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयूटिल', मग जागा सोडून उणे चिन्हासह 'एससीइन्फो' ही आज्ञा चालवा. एकदा कन्सोलवर, एकदा रिमोट डेस्कटॉपमध्ये. कन्सोलवर रीडरचं नाव आणि कार्डातली सर्टिफिकेटं येतील, रिमोटमध्ये तो रीडर यादीतच नसेल. असं दिसलं तर निदान पक्कं. एक अपवाद लक्षात ठेवा: काही टोकनांचं सॉफ्टवेअर विंडोजची ही व्यवस्था न वापरता स्वतःच्या मार्गाने यूएसबीशी बोलतं. तिथे रिमोटमध्येही टोकन दिसू शकतं. त्यामुळे 'आमच्या शेजारच्या ऑफिसात तर चालतं' असं कुणी म्हणालं तर ते खोटं बोलतात असं नाही, त्यांचं टोकन वेगळं असेल.

यावर मार्ग दोन, आणि माझी पसंती पहिल्याला आहे.

पहिला मार्ग: पासथ्रू सोडूनच द्या. टोकन ज्याचं आहे त्याच्या टेबलावरच्या पीसीला लावा आणि रिमोट डेस्कटॉपला ते सोबत नेऊ द्या. रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या खिडकीत 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस', तिथे 'मोअर', आणि 'स्मार्ट कार्ड्स' समोर खूण. टोकनचं सॉफ्टवेअर व्हीएममध्ये हवंच, आणि टेबलावरच्या पीसीला रीडर ओळखता आला पाहिजे. सीसीआयडी जातीच्या (स्मार्ट कार्ड रीडरच्या ठरलेल्या मानकाने चालणाऱ्या) टोकनांना, ईपास२००३ हे मॉडेल त्यातलंच, विंडोजचा सोबत येणारा ड्रायव्हर पुरतो. सही करताना पोर्टलचं एमसायनर वगैरे सहीचं जे काही सॉफ्टवेअर चालतं ते व्हीएममध्येच चालेल आणि त्याला टोकन दिसेल. खूण करूनही दिसलं नाही तर व्हीएमच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या प्रशासकीय नियमांत) स्मार्ट कार्ड सोबत आणायला मनाई केलेली नाही ना, तेवढं बघा.

दुसरा मार्ग: टोकन सर्व्हरलाच ठेवायचं असेल तर रिमोट डेस्कटॉपऐवजी असं साधन वापरा जे विंडोजच्या मूळ कन्सोलचंच चित्र दाखवतं. प्रॉक्समॉक्सचं नोव्हीएनसी, स्पाइस किंवा व्हीएममध्ये टाकलेला व्हीएनसी सर्व्हर. इथे एक खोच आहे. आधी कुणी रिमोट डेस्कटॉपने आत येऊन फक्त खिडकी बंद केली असेल, तर त्याचं सेशन मागे जिवंत राहतं. त्याला 'डिस्कनेक्ट' करून भागत नाही, 'साइन आउट' करायला लावा आणि मग कन्सोलवर नव्याने लॉगिन करा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. डिजिटल सिग्नेचरचं टोकन म्हणजे माणसाची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नुसार आपल्या खासगी किल्लीचा ताबा जपण्याची काळजी सर्टिफिकेट ज्याच्या नावावर आहे त्याने घ्यायची असते. चोवीस तास सर्व्हरला खोचलेलं टोकन आणि पिन भिंतीवरच्या चिठ्ठीवर, असं मी अनेक ऑफिसांत पाहिलंय. तुमच्याकडे तसं असेल असं म्हणत नाही. पण टोकन भागीदाराच्या टेबलावर, सही करताना तो स्वतः पिन टाकतोय, ही मांडणी तांत्रिकदृष्ट्याही सोपी आहे आणि त्याच्या हिताचीही. म्हणून पहिला मार्ग.

आता दुसरी तक्रार, भलत्याच भागीदाराचं सर्टिफिकेट. प्रॉक्समॉक्समध्ये यूएसबी उपकरण जोडताना दोन मुख्य पर्याय येतात: उत्पादक आणि उपकरणाच्या क्रमांकावरून, किंवा पोर्टवरून. बहुतेक जण पहिला निवडतात, कारण यादीत नाव दिसतं. पण हा क्रमांक त्या एका नगाचा नसतो, मॉडेलचा असतो. उदाहरणार्थ ईपास२००३ चा क्रमांक ०९६ई:०८०७. कोल्हापुरात विकलेलं असो की नागपुरात, प्रत्येक नगावर तोच. तुमची दोन्ही टोकनं एकाच मॉडेलची, म्हणजे दोन्ही व्हीएमना एकच हुकूम दिलाय: 'या क्रमांकाचं जे सापडेल ते उचल.' जी व्हीएम आधी उठते ती तिला आधी सापडलेलं उचलते. दुसरी मग उरलेल्यासाठी धडपडते, आधी पहिल्याच टोकनावर हात टाकून आपटी खाते, कधी तिला दुसरं मिळतं, कधी काही प्रयत्नांनंतर ती नाद सोडते. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचा एक तुकडाही बहुधा इथूनच येतो.

उपाय: दोन्ही नोंदी काढा आणि 'यूज यूएसबी पोर्ट' निवडून नव्याने करा. पोर्टचा पत्ता १-४ किंवा १-४.२ असा असतो. पहिला आकडा बसचा (यूएसबीच्या मुख्य मार्गाचा), पुढचा पोर्टचा, आणि मध्ये हब (एका पोर्टचे अनेक करणारं उपकरण) असेल तर टिंबानंतर हबवरचा पोर्ट. सर्व्हरवर 'एलएसयूएसबी' ला उणे टी जोडून चालवलं की झाडासारखी आकृती येते, त्यात कुणाखाली कोण ते दिसतं. डिव्हाइस नंबर म्हणून जो आकडा दिसतो त्याच्या भरवशावर काहीही बांधू नका, तो दर वेळी खोचल्यावर बदलतो. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टचंही एक लक्षात ठेवा: बाहेरून एकच दिसणारा तो पोर्ट आत दोन बसांवर दोन वेगळ्या पत्त्यांनी हजर असतो, एक ४८० एमबीपीएसच्या बाजूला, एक ५ जीबीपीएसच्या. टोकन हे १२ एमबीपीएसवर चालणारं साधं उपकरण, ते नेहमी पहिल्या बाजूला दिसेल. पेनड्राइव्ह लावून पत्ता ठरवाल आणि मग तिथे टोकन लावाल तर पत्ता जुळणार नाही. ज्याला द्यायचं तेच लावून पत्ता बघा.

पोर्टवरून दिल्यावर पोर्टला नावं द्या. मी मास्किंग टेपचे तुकडे लावतो, त्यावर व्हीएमचा क्रमांक पेनाने. पोर्टवर बांधलेल्या पासथ्रूत चूक यंत्र करत नाही, सफाईनंतर टोकनं उलटसुलट लावणारा माणूस करतो.

तिसरी तक्रार, रीस्टार्टनंतर गायब. पोर्टवरून नोंदी केल्यावर ही आपोआप मिटली तर उत्तम. न मिटल्यास माझा पहिला संशय तुमच्याच प्रश्नातल्या एका ओळीवर आहे. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला टोकन चांगलं आहे का बघायला होस्टवर स्मार्ट कार्डची साधनं टाकली होती. त्यांच्यासोबत 'पीसीएससीडी' नावाची सेवा येते. तिचं कामच स्मार्ट कार्ड ताब्यात घेणं हे. क्यूईएमयूला कर्नलचा ड्रायव्हर बाजूला करता येतो, पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने उपकरण धरून ठेवलं असेल तर त्याला हुसकावता येत नाही. मग 'रिसोर्स बिझी' अशी चूक येते आणि व्हीएम टोकनाविनाच उठते. आणि ही सेवा नुसती थांबवून भागत नाही, कारण तिच्यासाठी सिस्टीमडीचं (लिनक्सच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) एक सॉकेट, म्हणजे हाक मारायचं दार, उघडं असतं आणि कुठल्याही प्रोग्रामने त्याला हात लावला की ती पुन्हा जागी होते. म्हणून कधी येतं, कधी नाही, असा लपंडाव. सेवा आणि सॉकेट दोन्ही बंद करा, नाहीतर ती साधनं होस्टवरून काढूनच टाका. होस्टला टोकन वाचायची काहीच गरज नाही.

हा प्रकार फक्त टोकनांपुरता नाही. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्याचा आकडा व्हीएममध्ये यायचा बंद झाला होता, ऐन हंगामात, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. होस्टवर कुणीतरी उबुंटू २२.०४ नव्याने टाकलं होतं. काट्याला सीएच३४० चिपचा सिरियल कन्व्हर्टर होता, आणि त्या उबुंटूवर 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम त्या चिपला ब्रेल वाचनयंत्र समजून झडप घालत होता. लॉगमध्ये त्याचं नाव स्पष्ट लिहून आलं होतं. तो अंधांसाठीचा मोलाचा प्रोग्राम आहे, ज्या यंत्रावर कुणी ब्रेलवर काम करत असेल तिथून तो काढू नये. त्या होस्टवर कुणी तसं नव्हतं, म्हणून काढला आणि काटा बोलू लागला. सिरियल उपकरणांच्या बाबतीत मॉडेम सांभाळणारा मॉडेममॅनेजर हाही असाच नेहमीचा संशयित.

दुसरा संशय वीज आणि तारेवर. तो सोडवायला सगळ्यात सोपा, पण लोक तिथे सगळ्यात शेवटी पोहोचतात. भोसरीतल्या एका यंत्रभागांच्या कारखान्यातली गोष्ट सांगतो. त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली), जुना हास्प जातीचा, रोज दुपारी व्हीएममधून नाहीसा व्हायचा. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला दोष देऊन झाला, व्हीएम नव्याने बांधून झाली. मी एका दुपारी होस्टवर 'डीमेसेज' चा, म्हणजे कर्नलच्या संदेशांचा, चालता लॉग उघडून नुसता बसलो. सव्वा वाजेपर्यंत पडदा निश्चल. मग जेवणाची सुट्टी झाली, ऑपरेटर डबा घेऊन आले, एकाने टेबलामागच्या हबला मोबाईल चार्जिंगला लावला. दुसऱ्याने लावला आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या: डिस्कनेक्ट, नवं उपकरण नंबर ११, उणे ७१ ची चूक, पुन्हा डिस्कनेक्ट, नंबर १२, नंबर १३. हबला स्वतःचा ॲडाप्टर नव्हता. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, त्यात हब, डोंगल आणि दोन मोबाईल. व्होल्टेज घसरलं की सगळ्यात आधी डोंगल मान टाकायचा. डोंगल मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला एकटा लावला, त्या मुलांना चार्जिंगसाठी भिंतीवर वेगळा बोर्ड दिला. त्यानंतर तक्रार आली नाही.

त्या लॉगमध्ये तुम्ही बघायचं ते हे. डिव्हाइस नंबर सतत वाढतोय का? वाढत असेल तर उपकरण तुटून पुन्हा जुळतंय, आणि व्हीएमचा यात दोष नाही. उणे ७१ म्हणजे तारेवरचं बोलणंच बिघडलंय, बहुतेक वेळा केबल, पोर्ट किंवा वीज. उणे ११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही, तिथेही आधी तेच तपासा. एक्स्टेंशन केबल असेल तर ती काढून बघा, यूएसबी २ ला ५ मीटरपलीकडे केबल चालत नाही आणि स्वस्तातली तर त्याच्या निम्म्यातही दगा देते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचे पोर्ट बरे, कारण पुढच्यांना आतून आणखी एक लांब वायर असते. होस्टवर कुणी वीजबचतीसाठी टीएलपीसारखं काही टाकलं असेल तर त्यातून ही उपकरणं वगळा. विंडोजच्या आतही यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा.

व्हीएमच्या आतला कंट्रोलर तुमच्या बाबतीत अडचण नाही, विंडोज ८ पासून पुढे एक्सएचसीआयचा, म्हणजे यूएसबी ३ च्या कंट्रोलरचा, ड्रायव्हर सोबतच येतो. पण कुणाकडे जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ ची व्हीएम असेल तर तिथे तो नसतो, आणि नकली कंट्रोलर यूएसबी ३ चा दिला की उपकरण दिसतच नाही. तिथे यूएसबी २ चा द्या. आणखी एक: प्रॉक्समॉक्समध्ये हार्डवेअर बदललं आणि नोंद नारिंगी दिसत राहिली, तर विंडोजच्या आतून रीस्टार्ट करून ती लागू होत नाही. व्हीएम पूर्ण बंद करून प्रॉक्समॉक्समधून सुरू करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद ठेवा, त्याने शटडाऊन हे खरं शटडाऊन राहत नाही.

ज्यांच्याकडे प्रॉक्समॉक्स नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिबव्हर्टवर (लिनक्सवर व्हीएम सांभाळणारं दुसरं साधन) व्हीएम चालवत असाल तर उपकरण काढून परत खोचल्यावर ते आपोआप जोडलं जात नाही, यूडेव्हचा (उपकरण खोचल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहून ते काम करून घ्यावं लागतं. प्रॉक्समॉक्समध्ये क्यूईएमयू स्वतः दर दोन सेकंदांनी बघत राहतो, म्हणून तिथे ही कटकट कमी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्सवर तुमचा युजर 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात नसेल तर यादी रिकामी येते, आणि गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून यावं लागतं. ७.० च्या आधीच्या आवृत्त्यांत यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेंशन पॅक लागतो. त्याचा परवाना फुकट आहे तो खासगी वापरापुरता, ऑफिसात वापरणार असाल तर तो वाचून घ्या. हायपर-व्हीमध्ये असं सरळ पासथ्रू नाहीच, तिथे रिमोट डेस्कटॉपचा मार्ग किंवा यूएसबी नेटवर्कवरून नेणारं साधन. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी यूएसबीआयपी आहे, नेटवर्क पोर्ट ३२४०. पण त्यात एन्क्रिप्शन नाही, सहीचं टोकन मी त्यावरून कधीच नेणार नाही. हास्पसारख्या डोंगलांना बऱ्याचदा स्वतःचा लायसन्स सर्व्हर असतो, नेटवर्क पोर्ट १९४७, लक्षात राहायला सोपा. डोंगल नेटवर्क जातीचा असेल तर तो कुठल्याही एका पीसीला लावून लायसन्स नेटवर्कवरून घेता येतं आणि पासथ्रूचा प्रश्नच उरत नाही.

राहिला कार्डाचा प्रश्न. अख्खा कंट्रोलर व्हीएमला देणं हा चांगला उपाय आहे, पण वेगळ्या रोगावरचा. वेबकॅम, ऑडिओ इंटरफेस, सतत ठरलेल्या ठेक्यात डेटा ओतणारं कुठलंही उपकरण क्यूईएमयूच्या मधल्या हाताने अडखळतं. मोबाईल फ्लॅश करताना तो मध्येच आपला क्रमांक बदलतो आणि पासथ्रूच्या हातून निसटतो. अशांना कार्ड. त्यासाठी बायॉसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू (कार्ड थेट व्हीएमला देऊ देणारी सोय) सुरू हवं, कार्ड आपल्या वेगळ्या आयओएमएमयू गटात यायला हवं, आणि ते पूर्णपणे एकाच व्हीएमचं होतं. तुम्हाला दोन व्हीएमसाठी दोन कंट्रोलर लागतील. एवढं करून दुसरी आणि तिसरी तक्रार कदाचित मिटेल. पहिली मात्र जशीच्या तशी राहील, कारण रिमोट डेस्कटॉप तेव्हाही टोकन मुलाच्याच पीसीवर शोधेल. पैसे खर्च करून सोमवारी मुलं पुन्हा 'सर, टोकन नाही' म्हणत उभी राहिली, तर तुमची चिडचिड मी समजू शकतो. ती टळावी म्हणूनच एवढं लांबलचक लिहिलं.

तर आता क्रम असा धरा. आधी एका भागीदाराचं टोकन सर्व्हरवरून काढून त्यांच्या टेबलावरच्या पीसीला लावा, 'स्मार्ट कार्ड्स' ची खूण करून रिमोट डेस्कटॉपने व्हीएममध्ये जा, आणि टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय का बघा. पिन टाकून लगेच खरी सही करायला जाऊ नका. चुकीच्या पिनने टोकन लॉक झालं तर नवीच भानगड, आधी नुसतं दिसणं तपासा. हे जमलं तर दुसरंही तसंच करा आणि पासथ्रूच्या नोंदी काढून टाका. काही कारणाने टोकनं सर्व्हरलाच ठेवावी लागणार असतील, तर नोंदी पोर्टवरून करा, पीसीएससीडी आणि त्याचं सॉकेट बंद करा आणि होस्ट एकदा रीस्टार्ट करा. त्यानंतरही एखादं गायब झालं, तर काहीही काढण्या-खोचण्याआधी डीमेसेजच्या यूएसबीच्या शेवटच्या तीसेक ओळी, एलएसयूएसबीची झाडाची आकृती आणि कन्सोल व रिमोट दोन्हीकडचं सर्टयूटिलचं उत्तर पाठवा. सर्टिफिकेटवरचं नाव आणि सिरियल नंबर तेवढा झाकून.